लॅटिनची रूपं, इंग्रजीचा शब्दक्रम : भाषा सोपी होते म्हणजे नेमकं काय होतं?

कारवीवन

नमस्कार मंडळी. मी वनस्पतिशास्त्रातली. सह्याद्रीतल्या वनस्पतींची मूळ वर्णनं वाचायची म्हणून लॅटिन शिकायला घेतलं आहे. १९३५ ते २०११ या काळात नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय ते नाव ग्राह्य धरलं जात नसे. २०१२ पासून इंग्रजीही चालतं, पण आधीचा बराचसा ऐवज लॅटिनमध्येच आहे.

वर्णनात 'फोलिइस ओवातिस' असं येतं. अर्थ : 'अंडाकृती पानांनी युक्त'. 'पानांनी' हा अर्थ 'फोलिइस'च्या शेवटच्या 'इस'मध्येच आहे, आणि विशेषणालाही तोच प्रत्यय लागतो. नावांचंही तसंच. आंबा 'मांजिफेरा इंडिका', पण तीळ 'सेसामुम इंडिकुम', कारण पहिलं नाम स्त्रीलिंगी, दुसरं नपुंसकलिंगी. पिंपळाचं 'फिकुस रेलिगिओसा' तर आधी कोड्यात टाकतं : 'फिकुस' दिसायला पुल्लिंगी, विशेषण मात्र स्त्रीलिंगी. लॅटिनमध्ये झाडांची बरीच नावं स्त्रीलिंगी आहेत, हे कळलं की उलगडा होतो.

माझे प्रश्न असे. इंग्रजी हे सगळं न करता कसं चालवते? लॅटिनपासून झालेल्या इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश यांनीही नामाच्या विभक्त्या टाकून दिल्या. संस्कृतकडून आपल्याकडे येतानाही रूपं कमी झाली. सगळ्या भाषा अवघडाकडून सोप्याकडेच जातात का? तसं असेल तर मुळात अवघड रूपं आली कुठून?

अनुस्वार

कारवीवन ताई, चांगला विषय काढलात. कॉलेजात संस्कृत शिकवत असताना लॅटिन हौसेने शिकलो, त्या जोरावर लिहितो.

एक साधं वाक्य घेऊ. 'अग्रिकोला लुपुम विदेत' : शेतकरी लांडगा पाहतो. आता शब्द उलटे करा : 'लुपुम अग्रिकोला विदेत'. पाहणारा शेतकरीच, कारण 'लुपुम'मधला 'म' सांगतो की लांडगा हे कर्म आहे. लांडगा शेतकऱ्याला पाहत असेल तर 'लुपुस अग्रिकोलाम विदेत' म्हणावं लागेल. संस्कृत येणाऱ्याला हे नवीन नाही : 'वृकः' आणि 'वृकम्'.

इंग्रजीत हेच वाक्य उलटं केलं की पाहणाराच बदलतो. तिथे क्रियापदाच्या आधी उभा तो कर्ता, नंतर उभा ते कर्म. लॅटिनमध्ये शब्दाचं काम त्याच्या शेपटाकडे, इंग्रजीत त्याच्या जागेकडे. उरलेलं काम 'ऑफ', 'टू', 'विथ', 'बाय' ही शब्दयोगी मंडळी करतात, फक्त ती नामाच्या आधी येतात.

लॅटिन नामाला सहा विभक्त्या, दोन वचनं, तीन लिंगं, आणि रूपं चालवण्याचे पाच गण. एका क्रियापदाची शंभराहून अधिक रूपं होतात. 'आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमान्त' ही फक्त वर्तमानकाळाची सहा. इंग्रजीत त्या सहांच्या जागी 'लव्ह' आणि 'लव्ह्ज' एवढी दोनच. मग कर्ता वेगळा सांगावाच लागतो. 'जातोस' म्हटल्यावर 'तू' सांगायची गरज नसते, तशी 'आमास'लाही नव्हती.

संस्कृतवाल्यांना ओळखीची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. 'उर्बे काप्ता' हे दोनच शब्द : 'शहर जिंकलं गेलं असता'. आपली सति सप्तमीच, फक्त तिकडे ती लॅटिनच्या सहाव्या विभक्तीत. इंग्रजीला यासाठी अख्खं उपवाक्य बांधावं लागतं.

नीलमोहर

वाचते आहे. वाचनखूण साठवली.

गोदाकाठ

अनुस्वार सर, माहिती उत्तम. पण मला यात प्रगती दिसत नाही. दोन शब्दांत मावणारी गोष्ट सांगायला सात शब्द लागत असतील तर ती झीज आहे. आमचे शास्त्रीबुवा म्हणत की बोलणाऱ्यांचा आळस वाढला आणि संस्कृतची प्राकृत झाली. लॅटिनचंही तेच झालं असणार. शिकवणारे कमी झाले, उच्चार सैल झाले, व्याकरण गळलं. हे स्पष्ट म्हणायला संकोच का असावा?

अनुस्वार

गोदाकाठ, उच्चारांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. आळसाबद्दल मात्र मी सहमत नाही, कारण सैल उच्चार शिक्षण ओसरल्यावर आले नाहीत. लॅटिनच्या भरभराटीआधीच ते चालू होते.

शेवटचा 'म' घ्या. रोममध्ये स्किपिओ घराण्याच्या थडग्यांवर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले लेख आहेत. सेनापतींच्या घराण्याचे लेख, दगडात कोरलेले, आणि त्यांत द्वितीयेचा 'म' अनेक ठिकाणी लिहिलेलाच नाही. म्हणजे किकेरो (सिसेरो) आणि वर्जिल हे लॅटिनचे अभिजात लेखक जन्मायच्या कितीतरी आधी तो 'म' तोंडात नाममात्र उरला होता. पुढे स्वरांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही गेला. आता हिशोब करा : मुलगी या अर्थाचं 'पुएल्ला' प्रथमेत, 'पुएल्लाम' द्वितीयेत, आणि शेवटचा 'आ' दीर्घ असलेलं 'पुएल्लाऽ' पंचमी-तृतीयेत. 'म' गेला, दीर्घत्व गेलं, तिन्ही रूपं एक झाली. विभक्ती टाकून द्यायचं कुणी ठरवलं नव्हतं, पण ती ज्या ध्वनींवर उभी होती तेच राहिले नाहीत.

इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर 'कुम दिस्केन्तेस' असं लिहिलेलं सापडतं, 'विद्यार्थ्यांसह' या अर्थी. व्याकरणाप्रमाणे 'कुम'नंतर 'दिस्केन्तिबुस' हवं. लिहिणाऱ्याला 'सह' हा अर्थ 'कुम'मधूनच मिळत होता, पुढची विभक्ती कोणती यावर त्याचं काही अडत नव्हतं.

'आपेन्दिक्स प्रोबी' नावाची एक यादीही आहे, २२७ शब्दांची. 'असं म्हणा, तसं नको' या साच्यात कुणीतरी शुद्धलेखन सुधारायला बसला आहे. 'स्पेकुलुम, स्पेक्लुम नको' (आरसा). 'आउरिस, ओरिक्ला नको' (कान). 'नुम्क्वाम, नुम्क्वा नको' (कधीच नाही). त्याने 'नको' म्हटलेल्या रूपांतूनच पुढचे शब्द आले : 'स्पेक्लुम'मधून इटालियन 'स्पेक्यो', 'ओरिक्ला'मधून इटालियन 'ओरेक्किया' आणि फ्रेंच 'ओरेय'. ज्याला चूक म्हटलं ती त्या काळची जिवंत भाषा होती. हे वाचताना मला त्या अनामिक शिक्षकाबद्दल फार आपुलकी वाटते. त्याची तळमळ खरी होती आणि त्याच्यामुळेच लोक कसं बोलत होते ते आज आपल्याला कळतं.

म्हापशेकर

आमच्याकडे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्येच होत असे. आजीला लितानी, म्हणजे एकामागून एक विनवण्यांची प्रार्थना, तोंडपाठ. 'सांक्ता मारिया, ओरा प्रो नोबिस' : सांत मारिये, आमच्यासाठी प्रार्थना कर. सर, 'नोबिस' हे एकटंच 'आम्हाला' असं विभक्तीचं रूप आहे ना? मग 'प्रो' कशाला?

या विषयाचा एक धागा गोव्यातही आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठी वाचकांना ते 'क्रिस्तपुराणा'मुळे माहीत असतात (१६१६, रायतूर), पण त्यांनी कोंकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरलाच छापलं गेलं. भारतीय भाषेचं छापील स्वरूपातलं ते पहिलं व्याकरण मानतात. लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत त्यांनी आपल्या भाषेची रूपं बसवली आणि ती बऱ्यापैकी बसलीही. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं होतं की इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारी आहे. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारं विल्यम जोन्सचं कोलकात्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं.

अनुस्वार

म्हापशेकर, तुमच्या आजीच्या लितानीत सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. अभिजात लॅटिनमध्येही नुसत्या विभक्तीवर सगळं चालत नव्हतं. 'इन उर्बे' म्हणजे शहरात, 'कुम आमिकिस' म्हणजे मित्रांसह. अर्थ दोन ठिकाणी सांगितला जात होता, आधीच्या शब्दातही आणि शेवटच्या प्रत्ययातही. प्रत्यय पुसट झाला तेव्हा आधीचा शब्द कामावर हजर होताच, म्हणून संवाद कुठे तुटला नाही. 'चा-ची-चे'साठी 'दे' आणि 'ला'साठी 'आद' पुढे आले. आज फ्रेंच-इटालियनमध्ये तेच 'दे', 'दि', 'आ' आहेत.

इसवी सन ८१३ मध्ये तूर इथल्या धर्मसभेने ठरवलं की प्रवचनं लोकांना समजतील अशा ग्रामीण रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत द्यावीत. म्हणजे तोवर चर्चच्या लॅटिनपासून लोकांची बोली इतकी दूर गेली होती की तिला वेगळं नाव द्यावं लागलं.

उत्तरध्रुव

मी बरीच वर्षं आइसलँडमध्ये राहते, इथली भाषा शिकले आहे. अनुस्वार सर, उच्चार झिजले म्हणून विभक्ती गेली हे लॅटिनला लागू असेल, पण इंग्रजीसाठी ते अपुरं पडतं असं मला वाटतं.

इंग्रजी आणि आइसलँडिक दोन्ही जर्मानिक कुळातल्या. दोन्हींत आघात शब्दाच्या सुरुवातीला, त्यामुळे शेवटची अक्षरं दोन्हीकडे दुबळी. तरी आइसलँडिकमध्ये आजही चार विभक्त्या, तीन लिंगं, क्रियापदाला पुरुषाप्रमाणे प्रत्यय. इथली शाळकरी मुलं तेराव्या शतकातल्या सागा (जुन्या गद्य कथा), शुद्धलेखन थोडं आधुनिक केलं की, बऱ्याच अंशी समजून वाचतात. इंग्रज मुलाला त्याच्याच भाषेतलं हजार वर्षांपूर्वीचं पान परक्या भाषेसारखं शिकावं लागतं.

झिजण्याचा कल सारखा असूनही एक झिजली आणि दुसरी टिकली. फरक कोण कुणात मिसळलं याचा आहे. आइसलँड समुद्रात एका बाजूला. मोठ्या वयात येऊन भाषा शिकणारे लोक इथे शतकानुशतकं फार थोडे आले. इंग्लंडमध्ये नवव्या शतकापासून डेन आणि नॉर्वेजियन लोक उत्तरेला आणि पूर्वेला स्थायिक झाले, शेती केली, लग्नं केली. दोघांच्या शब्दांची मुळं जवळची, प्रत्यय वेगळे. दगडाला जुन्या इंग्रजीत 'स्तान', डेन-नॉर्वेजियनांच्या नॉर्स भाषेत 'स्तेइन'. समोरच्याला मूळ कळतं, शेपूट कळत नाही. शेपटाचा उपयोग उरला नाही की ते गळतं. सर्वनामं सहसा कुणी उसनी घेत नाही, पण इंग्रजीतली 'दे, देम, देअर' नॉर्सकडून आली आहेत. ही मिसळण किती आतपर्यंत गेली होती ते यावरून कळतं.

कारवीवन

हे सगळं नॉर्मन स्वारीमुळे झालं असं मी वाचलं होतं. १०६६, फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते वगैरे.

उत्तरध्रुव

शब्दसंपत्तीत नॉर्मनांचा वाटा प्रचंड आहे. प्रत्ययांची पडझड मात्र त्याआधीची. उत्तर इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांवर दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने ओळींमध्ये इंग्रजी शब्दार्थ लिहिले. ते उत्तरेकडचं इंग्रजी आणि त्यात प्रत्यय, लिंगं आधीच डळमळीत झालेली दिसतात. तेव्हा नॉर्मनांचा विल्यम इंग्लंडात यायला जवळजवळ शंभर वर्षं होती. पीटरबरोची बखर ११५४ पर्यंत लिहिली गेली, तीही पूर्वेकडच्या डॅनिश वस्तीच्या पट्ट्यातली. तिच्या शेवटच्या नोंदींत जुनी विभक्तिव्यवस्था जवळपास संपलेली आहे. उलट दक्षिणेला केंटमध्ये १३४० साली लिहिलेल्या एका ग्रंथात जुन्या प्रत्ययांच्या खुणा अजून सापडतात. बदल उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेला. नॉर्मन मुख्य कारण असते तर हा नकाशा असा दिसला नसता.

पीटर ट्रुडगिल या भाषाशास्त्रज्ञांची मांडणी मला पटते. मोठ्या संख्येने प्रौढ माणसं भाषा शिकतात तेव्हा ती सोपी होते, कारण लिंगं आणि अनियमित रूपं प्रौढांना जड जातात. मुलं लहानपणापासून दोन भाषांत वाढतात तेव्हा उलट भाषेत भर पडू शकते. आफ्रिकान्स पाहा, डचपासून झालेली, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी घडलेली. तिच्यात नामांचं लिंग गेलं आणि 'मी आहे, तू आहेस, तो आहे' या सगळ्याला एकच 'इस'.

गोदाकाठ

उत्तरध्रुव ताई, नकाशाचा मुद्दा पटला. आळस हा शब्द मी मागे घ्यायला तयार आहे. पण कारवीवन यांचा शेवटचा प्रश्न तसाच राहिला आहे. सगळं गळतच असेल तर आलं कुठून?

अनुस्वार

त्याचं उत्तर आपल्याच तोंडात आहे.

संस्कृतात भूतकाळाचे तीन लकार, म्हणजे क्रियापदाच्या रूपांचे तीन संच : लङ्, लिट्, लुङ्. प्राकृतांत ते मागे पडत गेले आणि काम 'गतः' (गेलेला), 'कृतम्' (केलेलं) अशा कृदन्तांवर, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणांवर आलं. झीजच म्हणा. 'त्वं गतः' यात 'गतः'वर पुरुषाची खूण नाही, 'त्वं' काढलं तर कोण गेलं ते कळत नाही. पण मराठीने काय केलं पाहा. त्या कृदन्तावर 'ल' चढला : 'गेला'. आणि मग त्यालाच पुरुषाचा प्रत्यय पुन्हा चिकटला : 'गेलास', 'गेलो', 'गेलात'. जे गमावलं होतं ते नव्या मालमसाल्यातून परत बांधलं. 'आंबा खाल्ला', 'चिंच खाल्ली' इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, तेही 'मया आम्रः खादितः' या जुन्या कर्मणी कृदन्ताचं देणं. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला विचारा, यात काय सोपं झालं ते.

लॅटिनकडे तंतोतंत अशीच गोष्ट आहे. 'मी प्रेम करीन'साठी 'आमाबो' होतं. ते मागे पडलं आणि लोक 'आमारे हाबेओ' म्हणू लागले, म्हणजे 'मला प्रेम करायचं आहे' असा काहीसा अर्थ. दोन सुटे शब्द. काही शतकांत 'हाबेओ' झिजून मागच्या शब्दाला चिकटला : इटालियन 'आमेरो', स्पॅनिश 'आमारे', फ्रेंच 'एमेरे'. ८४२ मध्ये स्ट्रासबूर्गला घेतलेल्या शपथांमध्ये 'साल्वाराइ' (मी रक्षण करीन) असं हे नवं रूप जोडलेलंच लिहिलेलं आहे. आणि ज्या 'आमाबो'ची जागा त्याने घेतली त्यातला 'बो'सुद्धा आपल्या 'भू' धातूचाच भाऊ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोही कधीकाळी सुटा शब्द होता.

सुटा शब्द चिकटतो, प्रत्यय होतो, झिजतो, जातो, नवा शब्द पुढे येतो. आपल्याला लॅटिन आणि संस्कृत या चक्राच्या एका टप्प्यावर ग्रंथांत गोठलेल्या मिळाल्या, म्हणून तीच सुरुवात वाटते.

जाता जाता एक आवडती गोष्ट. स्थान दाखवणारी सप्तमी लॅटिनमध्ये जवळपास मेली होती, पण 'दोमी' (घरी) आणि 'रोमाए' (रोममध्ये) अशा मोजक्या शब्दांत टिकली. मराठीत 'घरी', 'दारी', 'सकाळी' याच जातीचे. इंग्रजीतही 'गो होम' म्हणताना मध्ये 'टू' लागत नाही, तो जुन्या द्वितीयेचा अवशेष. रोज लागणारी रूपं सर्वांत शेवटी जातात.

फळाखडू

मी परभणी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. 'इंग्रजी सोपी झाली' हे वाक्य वर्गात खरं वाटत नाही. मराठीत 'अ, ॲन, द' नाहीत, लॅटिनमध्येही नव्हते. इटालियन-फ्रेंचमध्ये ते 'तो' या अर्थाच्या 'इल्ले'मधून निघाले, इंग्रजीतही 'द' जुन्या 'तो'मधूनच. नववीतली हुशार मुलगीसुद्धा 'द' कुठे लावायचा यावर अडते. शिवाय प्रश्न विचारताना 'डू' आणा, नकार देताना 'डू' आणा, आणि 'पुट अप विथ'चा अर्थ 'पुट'वरून लागत नाही. रूपं पाठ करायची नाहीत हे खरं, पण ओझं फक्त दुसऱ्या खांद्यावर गेलं आहे.

उत्तरध्रुव

फळाखडू सर, बहुतेक बाबतींत हो. पण ओझं नेहमी कुठेतरी जातंच असं मला म्हणवत नाही. इंग्रजीत नामांचं व्याकरणिक लिंग गेलं, त्याच्या जागी काहीच आलं नाही. 'टेबल' नपुंसक की पुल्लिंगी हे न सांगता त्यांचं सगळं चालतं. हे निखळ सोपं होणं आहे आणि ते मान्य करायला हवं.

अनुस्वार

मान्य, एका पुरवणीसह. लिंग कधी कधी काम करत असतं. 'मांजर उंदीर खातं' आणि 'उंदीर मांजर खातं', दोन्हींत खाणारं मांजरच. नामांना प्रत्यय नाही, क्रम उलटा, तरी 'खातं'मधलं नपुंसकलिंग खाणारा दाखवतं. इंग्रजीत शब्दक्रम पक्का होत गेला, म्हणून तिला लिंग सोडणं परवडलं.

पेठवडगाव

इतका वेळ नुसतं वाचत होतो. आमच्या भागातलं एक उदाहरण राहिलं आहे. सांगलीजवळचं कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलींवर १९७१ साली लेख प्रसिद्ध केला, जगभर भाषाशास्त्राच्या वर्गांत तो शिकवतात. कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. घरात आपापली भाषा, बाहेर एकमेकांच्या. त्यांना असं दिसलं की शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले, पण वाक्याचे साचे इतके जवळ आले की शब्दाजागी शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येतं. तिथल्या मराठीत निर्जीव वस्तूंचं लिंगही कन्नडच्या वळणाने गेलं : माणसांपुरता स्त्री-पुरुष भेद, बाकी सगळं नपुंसक. 'नदी आली'च्या जागी 'नदी आलं'.

उत्तरध्रुव

हा लेख माहीत होता, तो तुमच्या शेजारचा आहे हे लक्षात नव्हतं. माझ्या मांडणीला यात एक अडचण आहे. कुपवाडात लोक लहानपणापासून बहुभाषिक, तरी लिंग सोपं झालं. म्हणजे प्रौढांचं शिकणं हे एकच कारण पुरत नाही. दोन भाषा रोज एका डोक्यात नांदत असतील तर त्यांचे साचे एकमेकांकडे सरकतात, आणि सरकताना जिथे नियम अर्थावरून सांगता येतो ती बाजू जिंकते, असं म्हणता येईल का? कन्नडचा लिंगनियम अर्थावर चालतो, मराठीचा पाठ करावा लागतो.

पेठवडगाव

बरोबर वाटतं. आमच्या आत्याचं सासर त्या बाजूला. तिचे शेजारी कन्नड बोलणारे, पण मराठी अस्खलित, आणि 'भिंत पडलं' हे त्यांच्या तोंडी इतकं सहज येतं की ऐकणारा कुणी थबकत नाही. लेख जुना झाला. आता शाळा, टीव्ही, मोबाईल सगळीकडे प्रमाण मराठी आहे, तेव्हा आजच्या मुलांच्या तोंडी ही रूपं किती उरली आहेत ते कुणीतरी ध्वनिमुद्रण करून पाहायला हवं. सांगली-मिरज भागातले कुणी भाषेचे विद्यार्थी इथे असतील तर संपर्क करा. घरं दाखवायला मी येतो.